आईला ट्रायलमध्ये घालू का? नवीन औषध बनतं कसं, एवढं महाग का असतं, जाणकारांनी प्लीज सांगा

रानजाई
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या. आम्ही भांडुपला. आई ६१ वर्षांची. चार वर्षांपूर्वी तिचं ब्रेस्टचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग केस परत आले, भजनी मंडळ परत सुरू झालं, आम्हाला वाटलं सुटलो. फेब्रुवारीत पाठ दुखते म्हणून स्कॅन केला तर मणक्यात डाग दिसले. परळला दाखवतोय.

मागच्या मंगळवारी डॉक्टर म्हणाले की नेहमीची ट्रीटमेंट तर चालू करूच, पण तिच्या जोडीला एक नवी गोळी आहे, तिचा फेज थ्रीचा अभ्यास चालू आहे, तुमच्या आई त्यात बसू शकतील. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, कोणाला कुठली ते डॉक्टरलासुद्धा माहीत नसतं. मराठीत जाडजूड फॉर्म दिलाय, घरी वाचा म्हणाले, घाई नाही.

घरी तेव्हापासून भांडण. ठाण्याची ताई म्हणते आईवर प्रयोग करू देणार नाही म्हणजे नाही. भाऊ म्हणतो अगं ही नवी औषधं बाहेर घ्यायला गेलो तर महिन्याला लाखाच्या घरात जातात, इथे फुकट मिळतंय. आई काहीच बोलत नाही, तुम्ही ठरवा म्हणते आणि मटार सोलत बसते. मला खरंच कळत नाहीये. हा प्रयोगच आहे ना? खोटी गोळी वाट्याला आली तर आईचा वेळ फुकट जाणार का? मध्येच सोडता येतं का? कंपनी फुकट का देते? आणि मुळात एवढी महाग का असतात ही औषधं?

खारफुटी
ताई, नका घालू. कडक बोलतोय, राग मानू नका, पण मी घरात बघितलंय. माझा धाकटा भाऊ गिरणीतली नोकरी गेल्यावर दोन-तीन वर्षं असल्या अभ्यासांना जायचा. दोन दिवस तिथेच राहायचं, गोळी घ्यायची, हातात सुई लावून ठेवायची, तासातासाला रक्त काढायचं, मग पैसे मिळायचे. दोन अभ्यासांच्या मध्ये अंतर ठेवायचं असतं हे त्याला माहीत होतं पण पैशासाठी एकीकडून सुटला की दुसरीकडे जायचा आणि तिथे कोणी नीट विचारतही नव्हतं. पुढे त्याचं हिमोग्लोबिन एवढं उतरलं की जिना चढताना बसायचा. कंपनीला माणूस दिसत नाही हो, नंबर दिसतो.

स्वरा_के
रानजाई, मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, नऊ वर्षं झाली. तुमच्या आईच्या ट्रायलशी माझा संबंध नाही, तरी जे नियम सगळीकडे सारखे आहेत ते सांगते.

आधी खारफुटींना, तुमच्या भावाचं झालं ते फार वाईट झालं आणि तसं होऊ नये ही अभ्यास करणाऱ्यांचीच जबाबदारी होती. पण तो प्रकार वेगळा, त्याला बायोइक्विव्हॅलन्स म्हणतात, जुन्या औषधाची कॉपी मूळ औषधासारखीच रक्तात उतरते का ते निरोगी माणसांवर बघतात, आणि त्या माणसांना स्वतःला त्या औषधाची गरज नसते, ते पैशासाठीच येतात. रानजाईंच्या आईचं तसं नाही.

आता एकेक प्रश्न. हो, हा प्रयोगच आहे. फॉर्ममध्येही "संशोधन" असं लिहिलेलं असतं आणि कोणी तुम्हाला "ही ट्रीटमेंटच आहे" असं गुळगुळीत सांगत असेल तर मला ते आवडणार नाही. पण फेज थ्री म्हणजे ती गोळी माणसांत पहिल्यांदा जातेय असं नाही. फेज वनमध्ये थोड्या लोकांवर डोस किती झेपतो ते बघतात, कॅन्सरच्या औषधात हे निरोगी माणसांवर न करता पेशंटवरच करतात, फेज टूमध्ये औषध काही काम करतंय का त्याचा अंदाज घेतात, फेज थ्रीमध्ये शेकडो हजारो पेशंट घेऊन आजच्या सगळ्यात चांगल्या ट्रीटमेंटशी तुलना करतात.

खोटी गोळी वाट्याला आली तर काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. तुमच्या आईला नेहमीची ट्रीटमेंट दोन्ही गटांत मिळणार आहे, म्हणजे प्लासिबोच्या, बिनऔषधाच्या गोळीच्या, गटात गेल्या तरी ट्रायल नसती तर जे मिळालं असतं ते मिळेलच. हे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलंय का ते शोधा, नसेल तर डॉक्टरांना बोट ठेवून विचारा.

मध्येच सोडता येतं. कधीही, कारण न देता, आणि सोडलं म्हणून पुढच्या ट्रीटमेंटवर काही परिणाम होत नाही. २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स आहेत, त्यात आहे. ट्रायलमुळे काही इजा झाली तर त्याचा उपचार स्पॉन्सर, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या, कंपनीने फुकट करायचा, भरपाई वेगळी, त्याचं सूत्र कायद्यातच दिलंय, आठ लाख हा मूळ आकडा धरून वय आणि आजाराची तीव्रता यावरून ठरतं. गंभीर काही घडलं तर डॉक्टरने चोवीस तासांत ड्रग कंट्रोलरला, एथिक्स कमिटीला आणि कंपनीला कळवायचं असतं, मी स्वतः रात्री अकराला बसून ते रिपोर्ट भरलेत.

एथिक्स कमिटी ट्रायलला मंजुरी देते आणि लक्ष ठेवते, ती म्हणजे हॉस्पिटलच्या डॉक्टरांचंच मंडळ असा समज असतो. किमान सात जण लागतात, त्यात एक कायद्याचा माणूस, एक वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्ती, किमान एक बाई, आणि निम्मे लोक त्या संस्थेशी संबंध नसलेले हवेत. फॉर्मच्या शेवटच्या पानावर कमिटीचा फोन असतो, पेशंटने थेट फोन करायला हरकत नाही, करतच नाहीत लोक.

आणि सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर मागा. २००९ पासून भारतातली प्रत्येक ट्रायल तिथे नोंदवावी लागते, पेशंट घ्यायच्या आधी. घरी बसून मोबाईलवर बघता येतं कोण करतंय, किती पेशंट, कुठली हॉस्पिटलं.

रानजाई
स्वराताई, खूप खूप आभार. फॉर्म काढला, पान ४ वर "दोन्ही गटांना प्रमाणित उपचार मिळतील" असं आहे. हे वाचून मला रडूच आलं, आठवडाभर मी समजत होते की अर्ध्या बायकांना नुसती साखरेची गोळी देऊन घरी पाठवणार. ताईला फोटो काढून पाठवलाय.

तुर्भे_एमआयडीसी
महाग का, यावर थोडं लिहितो. मी औषध कंपनीत फॉर्म्युलेशन आर अँड डीमध्ये आहे, म्हणजे औषधाची गोळी कशी बनवायची ते बघणारा विभाग, वीस वर्षं. खरं सांगायचं तर आमच्यासारख्या कंपन्यांत बहुतेक लोक नवीन औषध शोधत नाहीत, दुसऱ्याने शोधलेल्याची कॉपी बनवतात, जेनेरिक. तेही सोपं नाही, गोळी पोटात त्याच वेगाने विरघळली पाहिजे, चाळीस डिग्री आणि पंचाहत्तर टक्के दमट हवेच्या कपाटात सहा महिने ठेवून टिकली पाहिजे, मुंबईच्या पावसाळ्यात स्ट्रिप किचनच्या फळीवर पडून असते त्याचा विचार करावा लागतो. पण मुळात नवा मॉलिक्यूल, म्हणजे औषधाचा रेणू, शोधणं हे वेगळंच काम.

ते असं चालतं की आजारात शरीरातलं कुठलं प्रोटीन गडबड करतंय ते आधी कळावं लागतं, हे ज्ञान बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीत, सरकारी पैशावर तयार होतं. मग त्या प्रोटीनला बसेल असे हजारो मॉलिक्यूल तपासायचे, बदल करत जायचं, उंदरावर, मग कुत्र्यावर वगैरे विषारीपणा तपासायचा, आणि मग माणूस. फेज वनमध्ये जाणाऱ्या दहा औषधांतलं साधारण एकच बाजारात पोचतं. सुरुवातीपासून धरलं तर दहा ते पंधरा वर्षं. खर्च किती, यावरच भांडणं आहेत. अमेरिकेतल्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१४ मध्ये २.६ अब्ज डॉलर आकडा काढला तो कंपन्या सगळीकडे सांगतात, पण त्यातला जवळपास अर्धा भाग "हा पैसा दुसरीकडे गुंतवला असता तर किती मिळाले असते" असा आहे, आणि कंपन्यांनी स्वतः दिलेल्या माहितीवरून काढलाय. २०२० मध्ये जामा मासिकात आलेल्या अभ्यासात मध्यक साधारण एक अब्ज डॉलर निघाला. दोन्हीत फसलेल्या औषधांचा खर्च धरलाय, ते बरोबरच आहे.

पेटंट, म्हणजे दुसऱ्या कोणी ते औषध बनवू नये हा हक्क, वीस वर्षांचं, पण घड्याळ अर्ज केल्या दिवसापासून चालू होतं, ट्रायलमध्येच निम्मं आयुष्य संपतं. मग उरलेल्या आठ-दहा वर्षांत सगळं वसूल करायचं. किंमत ठरवताना "बनवायला किती लागले" हा प्रश्न नसतोच, "पेशंट किंवा त्याची इन्शुरन्स कंपनी जास्तीत जास्त किती देईल" हा असतो. गोळी बनवायचा खर्च बहुतेक वेळा फार थोडा असतो हे मी माझ्या टेबलावरून सांगतो.

खारफुटी
मग तेच म्हणतोय ना मी. शोध सरकारी पैशावर, जीव पेशंटचा, आणि किंमत कंपनीच्या मर्जीवर. आणि ट्रायलचे आकडे तरी खरे दाखवतात का? व्हायॉक्स आठवतं का कोणाला, सांधेदुखीची गोळी, १९९९ ला आली, २००० मधल्याच अभ्यासात हार्ट अटॅक जास्त दिसले होते, पेपरात छापताना तीन अटॅक गाळले गेले हे नंतर त्या मासिकानेच जाहीर केलं, आणि गोळी बाजारातून गेली २००४ ला. मर्कने २००७ मध्ये ४८५ कोटी डॉलर देऊन खटले मिटवले. मधली चार वर्षं लोक विश्वासाने खात होते.

तुर्भे_एमआयडीसी
खारफुटी, व्हायॉक्सबद्दल तुम्ही बोलताय त्यात एक शब्द चुकीचा नाही. पण म्हणूनच ट्रायलची आधी नोंदणी, आधीच ठरवून ठेवायचं की काय मोजणार, हे सगळं आलं. आणि ट्रायल झालीच नाही तर काय होतं तेही बघा. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाईड आलं, झोपेची गोळी, गरोदर बायकांना मळमळीसाठी सर्रास दिली, गरोदरपणात सुरक्षित आहे का हे नीट तपासलंच नव्हतं. १९६१ ला बंद होईपर्यंत जगभर दहा हजारांवर मुलं हातपायांत वगैरे व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत वाचलं कारण तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएमधल्या फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाईंनी कंपनीने कितीही मागे लागून सही दिली नाही, पुरावा आणा म्हणाल्या. आज जे कडक कायदे आहेत त्यातले बरेच त्या मुलांमुळे आले.

बॅगवाला
धागा वाचतोय कालपासून. मी सत्तावीस वर्षं एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा औषध कंपनीचा माणूस, होतो, दादर ते कल्याण, आता रिटायर. विकण्याची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

सकाळी स्टॉकिस्ट, दुपारी हॉस्पिटलं, संध्याकाळी सात ते साडेदहा क्लिनिकं. डॉक्टर आत घेईपर्यंत पेशंटच्या बाकाशेजारी बॅग घेऊन उभं राहायचं, आत गेलात की मिळतात दीड-दोन मिनिटं, त्यात व्हिज्युअल एड उघडून तीन प्रॉडक्ट बोलायचे, सॅम्पल ठेवायचं, बाहेर. लोकांना वाटतं आम्ही डॉक्टरला औषध शिकवायचो. शिकवायचो काही प्रमाणात, गावाबाहेरच्या, दिवसाला सत्तर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला नवीन औषधाची पहिली माहिती आमच्याकडूनच मिळायची, आणि ती माहिती कंपनीने छापलेली असायची, यातच सगळं आलं.

खरं काम क्लिनिकच्या बाहेर, खालच्या मेडिकलवाल्याकडे. त्याला आरसीपीए म्हणतात, केमिस्टला विचारून वहीत लिहायचं की वरचे डॉक्टर आपला ब्रँड किती लिहितात, समोरच्या कंपनीचा किती. मग महिन्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजर डॉक्टरचं नाव घेऊन विचारणार, याच्यावर एवढं खर्च केलं, बिझनेस कुठे आहे. खर्च म्हणजे काय ते सांगतो. सुरुवातीला पेन, पॅड, दिवाळीला मिठाई. मग घड्याळ, मग क्लिनिकला एसी, मग सहकुटुंब परदेशी कॉन्फरन्स. मी स्वतः एका डॉक्टरच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला उभा होतो. टार्गेट झालं नाही तर माझा पगार अडकायचा, घरी दोन मुलं होती, केलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो एसी शेवटी कोणाच्या तरी आजारी आईच्या बिलातूनच आला.

सगळे डॉक्टर तसे नव्हते हेही लिहितो. मुलुंडला एक डॉक्टर होते, सॅम्पलसुद्धा घेताना एक्स्पायरी बघून गरीब पेशंटसाठी वेगळ्या डब्यात ठेवायचे आणि गिफ्ट दिलं की उभे राहायचे, म्हणजे आपण निघायचं.

कायद्याचं म्हणाल तर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना गिफ्ट घ्यायला बंदी केली, पण ती डॉक्टरवर, देणाऱ्यावर काही नाही. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असल्या भेटींचा खर्च कंपनीला इन्कम टॅक्समध्ये दाखवता येणार नाही. म्हणजे तोपर्यंत दाखवत होते, हे लक्षात घ्या. मार्च २०२४ ला कंपन्यांसाठी नवा कोड, म्हणजे आचारसंहिता, आला, भेटी बंद, परदेशवाऱ्या बंद, सॅम्पल डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला बाराच पॅक. माझ्या जुन्या सहकाऱ्यांशी बोललो, ते म्हणतात बराच फरक पडलाय, पण दंडाचे दात त्याला कमीच आहेत.

केमिस्टकाका
बॅगवाले, तुम्ही लोक काउंटरला टेकून वही काढायचात ते चित्र डोळ्यासमोर आलं. आमचं दुकान गिरगावात, वडिलांपासून. माल अजूनही प्रिन्सेस स्ट्रीटवरून येतो.

एक गोष्ट लोकांना सांगायची आहे, ज्याला आपण कंपनीचं औषध म्हणतो तेही बहुतेक जेनेरिकच असतं, नुसतं नाव लावलेलं. पेटंट कधीच संपलेलं असतं. एकच सॉल्ट, म्हणजे मूळ औषध, चाळीस कंपन्या चाळीस नावांनी विकतात आणि किमतीत चौपट फरक. आम्हाला सरकारी यादीतल्या औषधावर १६ टक्के, यादीबाहेरच्यावर २० टक्के मार्जिन, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. पण काही माल असा येतो, ज्याला ट्रेड जेनेरिक म्हणतात, तो आम्हाला दहा-बारा रुपयाला पडतो आणि स्ट्रिपवर छापलेलं असतं नव्वद. फरक दुकानदाराच्या खिशात. मी गिऱ्हाइकाला अर्ध्या किमतीत देतो, सगळे देत नाहीत. जेनेरिक स्वस्त म्हणून लोक खूश असतात आणि छापील किंमत बघून पैसे देऊन जातात, कोणी विचारतच नाही.

आणि हो, डॉक्टरने एक ब्रँड लिहिला आणि मी त्याच औषधाचा स्वस्त ब्रँड दिला तर तो कायद्याने गुन्हा आहे, मला बदलून देता येत नाही. त्यामुळे शिव्या मला घालू नका, चिठ्ठी लिहिताना डॉक्टरला म्हणा, औषधाचं मूळ नाव लिहा.

शिवडीची_सून
मी कधी लिहीत नाही, वाचते फक्त. पण खारफुटी म्हणतात की किंमत कंपनीच्या मर्जीवर, त्यावर लिहावंसं वाटलं.

मला २०१५ मध्ये एमडीआर टीबी झाला, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. शिवडीच्या हॉस्पिटलात. तेव्हा रोज इंजेक्शन असायचं, सहा-सात महिने, कुल्ल्यावर जागा उरली नाही. त्या इंजेक्शनने कानावर परिणाम होतो, मला डाव्या कानात सतत शिट्टी वाजायची, अजून वाजते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला पूर्ण ऐकू यायचं बंद झालं, एकवीस वर्षांची होती. बेडाक्विलिन नावाची गोळी तेव्हा आली होती, अमेरिकेत २०१२ च्या शेवटी मंजूर झालेली, टीबीचं कितीतरी वर्षांनी आलेलं नवं औषध, पण आम्हाला ती मिळाली नाही, फार थोड्यांना मिळायची.

कंपनीने, जॉन्सन अँड जॉन्सनने, पेटंट २०२३ ला संपत होतं ते त्याच औषधाच्या एका क्षाराच्या, म्हणजे थोड्या बदललेल्या रूपाच्या, नावावर आणखी चार वर्षं लांबवायचा अर्ज केला होता. त्याला दोघींनी हरकत घेतली, एक मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनाही टीबी झाला होता आणि दोघींचे कान त्या औषधांनी गेले. अर्ज आपल्या मुंबईच्या पेटंट ऑफिसातला होता, ते अँटॉप हिलला आहे, मी त्या रस्त्याने रोज जाते, कधी माहीतही नव्हतं आत काय चालतं. मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांनी गोळी बनवायला घेतली. जागतिक खरेदीत सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत त्याच वर्षी निम्म्याहून खाली आली. ही बातमी मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली आणि मला पुढचं वाचता येईना.

म्हणून रानजाई, तुमच्या आईने ट्रायलमध्ये जावं का ते मला नाही सांगता येणार. पण कोणीतरी टीबीचे पेशंट बेडाक्विलिनच्या ट्रायलमध्ये गेले होते म्हणून आज वॉर्डातल्या मुली ऐकू शकतात, एवढं मला माहीत आहे.

तुर्भे_एमआयडीसी
शिवडीची सून, नमस्कार तुम्हाला. यात फक्त भर घालतो. हे शक्य झालं ते पेटंट कायद्यातल्या कलम ३(ड) सारख्या तरतुदींमुळे, जुन्याच औषधाचं रूप थोडं बदललं तर, ते खरंच जास्त गुणकारी असल्याचं दाखवल्याशिवाय, नवं पेटंट नाही. २०१३ मध्ये याच कलमावर सुप्रीम कोर्टात नोव्हार्टिस हरली, ब्लड कॅन्सरच्या ग्लिवेक या गोळीसाठी. ब्रँडची किंमत महिन्याला लाखाच्या वर होती आणि जेनेरिक आठ-दहा हजारांत. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईतूनच सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधाचं सक्तीचं लायसन्स निघालं, म्हणजे पेटंट असलं तरी दुसऱ्याला बनवायची परवानगी, बायरची गोळी महिन्याला २ लाख ८० हजार, हैदराबादच्या नॅट्कोला ८,८०० त विकायची परवानगी, आणि विक्रीवर बायरला रॉयल्टी. आपल्याकडचं ते पहिलं सक्तीचं लायसन्स. २००१ मध्ये सिप्लाने, मुंबईचीच कंपनी, एड्सची तीन औषधं दिवसाला एक डॉलरच्या आत देऊ केली तेव्हा तीच बाहेर वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरला होती. हे जमलं कारण १९७० च्या कायद्यात औषधावर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं. २००५ पासून औषधावरही आलं, त्यामुळे आता दर वेळी असं भांडावं लागतं.

फॅमिलीडॉक्टर
मी अंबरनाथला जनरल प्रॅक्टिस करतो, कॅन्सरतज्ज्ञ नाही. एक गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यात राहिली. ट्रायल म्हणजे कंपनीच करते असं नाही, आणि कंपनी कुठली ट्रायल करते, कुठली करत नाही, हे पैशावर ठरतं.

टाटा मेमोरियलने एक अभ्यास केला, २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडला. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनच्या अगदी आधी गाठीच्या भोवती लोकल भुलीचं इंजेक्शन द्यायचं, लिग्नोकेन, दात काढताना देतात तेच. अकरा हॉस्पिटलं, सोळाशेच्या आसपास बायका. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांत ९०.१ टक्के हयात, न दिलेल्यांत ८६.४. खर्च पेशंटमागे शंभर रुपयांच्या आत. लिग्नोकेन १९४० च्या दशकातलं औषध, त्याचं पेटंट कोणाकडे नाही, त्यामुळे जगातल्या कुठल्याही कंपनीने ही ट्रायल कधीच केली नसती. करून पैसे कोणाला मिळणार?

आणखी एक. तोंडा-घशाच्या कॅन्सरवर निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन आहे, नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आपल्याकडे तेव्हा शंभरात दोन-तीन पेशंटनाही परवडत नव्हतं. टाटाच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन बघितलं, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. वर्षभराने जिवंत असणारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेले. डोस कमी करून बघणं, ही ट्रायल औषध विकणारा करणार नाही. ती करायला सरकारी पैसा आणि सही करणारे पेशंट लागतात.

तेव्हा ठाण्याच्या ताईंना माझं सांगणं, "प्रयोग नको" या शब्दावर अडू नका. आपण आज ज्या गोळ्या डोळे झाकून खातो त्या सगळ्या कोणाच्या तरी शरीरावर तपासलेल्या आहेत. प्रश्न विचारायचे ते असे, या ट्रायलने आईला काय मिळू शकतं, काय त्रास होऊ शकतो, किती वेळा परळला जावं लागेल, जाण्यायेण्याचे पैसे देतात का, आणि ट्रायल संपल्यावर औषधाचा फायदा होत असेल तर पुढे ते मिळणार का. शेवटचा प्रश्न नक्की विचारा.

स्वरा_के
डॉक्टर, शेवटच्या प्रश्नासाठी खास धन्यवाद. नियमात आहे ते, पेशंटला फायदा होतोय, दुसरा पर्याय नाही आणि डॉक्टरने शिफारस केली, एथिक्स कमिटीने मान्य केलं तर स्पॉन्सरने औषध पुढे फुकट द्यायचं. पण आपोआप होत नाही, विचारून ठेवावं लागतं.

खारफुटी
रानजाई, मी पहिल्याच प्रतिसादात "नका घालू" म्हणालो, ते मागे घेतो. भावाचं डोक्यात होतं. पण एक करा, एकट्या जाऊ नका, विचारायला चार डोकी घेऊन जा आणि जे सांगतील ते तिथेच वहीत लिहा.

रानजाई
मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला. शुक्रवारी गेलो होतो, मी, भाऊ, आणि ताई ठाण्याहून आली, आली हेच खूप. तुमचे सगळे प्रश्न मी भाजीच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवले होते. कोऑर्डिनेटर मुलगी तुमच्यासारखीच शांत, स्वराताई, दीड तास बसली. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी यायचं, मग महिन्याने. ट्रेनचे, गरज पडली तर टॅक्सीचे पैसे देतात. जुलाब आणि तोंड येणं हे त्रास बऱ्याच जणींना झालेत, लिव्हरसाठी रक्त तपासत राहतात. ट्रायल संपल्यावर औषध मिळण्याचं पान १४ वर आहे, ताईने स्वतः शोधून काढलं.

आई सगळा वेळ गप्प होती. शेवटी तिने चष्मा लावला आणि म्हणाली मला पूर्ण वाचू दे, आणि खरंच एकेक ओळ बोट ठेवून वाचली, आम्ही कॅन्टीनमधून दोनदा चहा आणला. मग तिने एकच प्रश्न विचारला, मला खरी गोळी होती की खोटी हे मला शेवटी सांगणार का, आणि मी नसले तर या तिघांना सांगणार का. ती मुलगी दोन क्षण काही बोलली नाही, मग म्हणाली की अभ्यास पूर्ण झाला की कोणाला काय होतं ते उघडतात, तेव्हा तुम्हाला नाहीतर तुमच्या मुलांना सांगू, मी फाइलवर तसं लिहून ठेवते. आणि आमच्यासमोर लिहिलं. मग आईने सही केली, प्रत्येक ठिकाणी तारीख घालून, शाळेत मस्टरवर करायची तशी. ताई बाहेर जाऊन रडली, पण अडवलं नाही.

येत्या गुरुवारी तपासण्या आहेत, रक्त आणि स्कॅन, त्यात बसली तरच पुढे. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, आम्ही घरी मोठ्याने वाचलं, शिवडीच्या सूनबाईंचं आईने दोनदा वाचायला लावलं.

शिवडीची_सून
आईंना माझा नमस्कार सांगा. परळला कधी लागलं तर मी दहा मिनिटांवर आहे, डबा देईन.

स्वरा_के
रानजाई, सही केलेल्या फॉर्मची एक प्रत तुमच्याकडे हवी, दिली नसेल तर गुरुवारी मागून घ्या. आईची बाकीची सगळी औषधं, अगदी आयुर्वेदिक काढा आणि कॅल्शियमसुद्धा, एका पिशवीत घालून न्या, त्यांना लिहून घ्यावं लागतं. आणि गोळ्या चालू झाल्या की रिकामी पाकिटं फेकू नका, उरलेल्या गोळ्याही नाही, दर व्हिजिटला ती मोजून परत घेतात. चुकून एखादी गोळी राहिली तर लपवू नका, सांगा, कोणी रागावत नाही.